साधनाची प्राप्ती आणि वापराचा अधिकार



15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेटची सेवा जनतेला प्रथम खुली केली, तेव्हा तिचा लाभ महानगरांतील मूठभर संपन्न, इंग्रजी जाणणाऱ्या कुटुंबांपुरताच मर्यादित होता. आणि 2016 साली मोबाइलवरील इंटरनेटचे दर कोसळेपर्यंत, म्हणजे दोन दशकांहून अधिक काळ, ज्यांच्यापाशी आधीच पुष्कळ होते त्यांच्याच पदरात हे साधन प्रामुख्याने पडत राहिले. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शहरी कुटुंबांपैकी 42 टक्क्यांकडे इंटरनेटची सोय आढळली, तर ग्रामीण कुटुंबांपैकी अवघ्या 15 टक्क्यांकडे. पुढे मात्र चित्र झपाट्याने पालटले. ग्रामीण शाळकरी मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशांचे प्रमाण, ग्रामीण शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या 'असर'च्या पाहण्यांनुसार, 2018 साली 36.5 टक्के होते, ते 2022 मध्ये 74.8 टक्क्यांवर गेले. ही वाढ चालू असतानाच अंतर मिटले असे मानण्याची घाई आपण केली, आणि तिची किंमत कोणाला मोजावी लागली, हे मला आज सांगायचे आहे.

1 मे 2021 पासून 18 ते 44 वयोगटासाठी करोनाची लस खुली झाली, परंतु कोविन संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी केल्यावाचून ती मिळणार नाही, असा दंडक होता, आणि ते संकेतस्थळ तेव्हा इंग्रजीतच होते. नोंदणी उघडताच काही क्षणांत जागा भरून जात. ज्यांच्यापाशी वेगवान जोडणी, इंग्रजीचा सराव आणि पडद्यासमोर बसून राहण्याची सवड होती, त्यांनी त्या मिळवल्या, आणि मुंबई-पुण्याची माणसे मोटारीने ग्रामीण आरोग्य केंद्रांवर जाऊन लस घेऊन आली, तर त्याच परिसरातील शेतमजुरांच्या वाट्याला प्रतीक्षा आली. कायद्याने अधिकार दोघांचा समान होता. कित्येकदा फोनही दोघांपाशी होता. सर्वोच्च न्यायालयाने या विषमतेवर बोट ठेवले, आणि 21 जूनपासून थेट केंद्रावर नोंदणी करण्याची मुभा सर्वांना मिळाली. दोष यंत्राचा नव्हता. ज्यांनी ती रचना आखली, त्यांनी वापरणारा मनुष्य आपल्यासारखाच असेल असे गृहीत धरले होते, आणि हे गृहीतक सुशिक्षितांच्या मनात इतके खोल रुजलेले असते की ते आपल्या ध्यानातही येत नाही.

हेच गृहीतक शेतीच्या नोंदींतही दिसते. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या तलाठ्याच्या दप्तरात होणारी पीकपाहणीची नोंद 2021 पासून शेतकऱ्याने स्वतःच्या फोनवरून करावी, अशी व्यवस्था झाली. हेतू उत्तम आहे, यात मला संशय नाही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत इंटरनेट कधीतरी वापरलेल्या पुरुषांचे प्रमाण देशात 57 टक्के, तर स्त्रियांचे 33 टक्केच आढळले. तेव्हा सात-बारा जिच्या नावावर आहे, त्या विधवा शेतकरी बाईची नोंद बहुधा दीर किंवा मुलगा करणार, आणि नुकसानभरपाईच्या वेळी ती नोंद बरोबर होती की नाही, हे तिला दुसऱ्याच्या तोंडून कळणार.

आज पदवी घेणाऱ्या तुम्हा विद्यार्थ्यांपैकी जे उद्या अशा रचना सिद्ध करतील, त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे, की मसुदा मंजुरीस धाडण्यापूर्वी तो अशा बाईच्या हाती द्यावा, आणि तिच्याशेजारी बसून ती कोठे अडते ते पाहावे. आणि जे कचेऱ्यांत रुजू होतील, त्यांच्यापुढे कागदी अर्ज स्वीकारणारी खिडकी बंद करण्याचा प्रस्ताव आलाच, तर त्यावर सही करण्याआधी त्यांनी त्या खिडकीशी अजून कोण येते, याची रीतसर पाहणी मागवावी.