क्रमवारीतील आकडे येतात कोठून?

भारतातील उच्च शिक्षणसंस्थांची जी राष्ट्रीय क्रमवारी 'एनआयआरएफ' या नावाने ओळखली जाते आणि जिची पहिली यादी २०१६ साली प्रसिद्ध झाली, ती मुख्यतः तीन प्रकारच्या माहितीवर उभी आहे. विद्यार्थ्यांची व अध्यापकांची संख्या, खर्च, पदवीधरांना मिळालेल्या नोकऱ्या ही माहिती संस्था स्वतः भरतात. शोधनिबंध आणि त्यांची उद्धरणे, म्हणजे इतर संशोधकांनी आपल्या लेखनात त्यांचा केलेला उल्लेख, यांची मोजणी 'स्कोपस' व 'वेब ऑफ सायन्स' या सूचींवरून होते. आणि संस्थेचा लौकिक सर्वेक्षणातून ठरतो. यांपैकी दुसरी माहिती संस्थेच्या हाती नसल्यामुळे अधिक विश्वसनीय मानली जाते, मात्र मराठीत लिहिलेले संशोधन या सूचींत जवळजवळ आढळतच नाही, ही तिची उणीव क्वचितच बोलून दाखवली जाते.

खरी अडचण स्वयंघोषित आकड्यांची आहे. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठ 'यू. एस. न्यूज'च्या यादीत दुसऱ्या स्थानावर असताना, तेथीलच गणिताचे प्राध्यापक मायकल थॅडियस यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये दाखवून दिले की, वीसपेक्षा कमी विद्यार्थी असलेल्या वर्गांचे विद्यापीठाने कळवलेले ८२.५ टक्के हे प्रमाण त्याच्याच सार्वजनिक वर्गसूचीशी जुळत नाही आणि प्रत्यक्षात ते ६३ ते ६७ टक्क्यांच्या दरम्यान असावे. सप्टेंबरमध्ये विद्यापीठाने स्वतः जाहीर केलेला आकडा त्याहूनही खाली, सुमारे ५७ टक्के निघाला आणि नव्या यादीत ते अठराव्या स्थानावर गेले. ज्या प्रकाशनाने हा आकडा छापला होता, त्याला तो पडताळून पाहण्यासाठी कोणतीही गुप्त कागदपत्रे लागली नसती, हे येथे विशेष लक्षात घ्यावे लागते.

भारतीय क्रमवारीत संस्थेने भरलेली माहिती तिच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवण्याचे बंधन आहे, ते याच दृष्टीने मोलाचे ठरते. कारण एकूण संख्येवरून काहीच ताडता येत नसले, तरी तीत जेथे अध्यापकांची नावनिशीवार यादी असते तेथे, यादीतील व्यक्ती खरोखर वर्गावर येते की केवळ कागदोपत्री नेमलेली आहे, हे त्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांइतके दुसऱ्या कोणत्याही तपासनिसाला ठाऊक नसते.