यकृताची रक्ततपासणी : आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत
(भाषणाचा मजकूर)



कावीळ झाली म्हणजे डोळे पिवळे होतात, हे लहान मुलासही ठाऊक असते. परंतु यकृत बिघडल्याची ती एकमेव खूण नव्हे, आणि पुष्कळदा ती पहिलीही नसते. बिलिरुबिन या पिवळ्या द्रव्याचे प्रमाण निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तद्रवात साधारणपणे १ मिलिग्रॅमच्या आतबाहेर असते. ते अडीच-तीन मिलिग्रॅमपर्यंत चढल्याखेरीज डोळ्यांतील पिवळेपणा सहसा ध्यानात येत नाही. शिवाय यकृतापाशी राखीव शक्ती एवढी असते, की त्याचा मोठा भाग निकामी झाला तरी माणूस हिंडता-फिरता राहतो.

सुप्रसिद्ध अभिनेते अमिताभ बच्चन यांचे उदाहरण सर्वश्रुत आहे. १९८२ साली 'कुली' चित्रपटाच्या चित्रीकरणात ते गंभीर जखमी झाले. त्या वेळी दिल्या गेलेल्या रक्तातून 'हेपटायटिस बी'चा विषाणू आपल्या शरीरात शिरला, असे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले आहे. पुढे अनेक वर्षांनी तपासणीत तो उघडकीस आला, तेव्हा यकृताचा तीन-चतुर्थांश भाग निकामी झालेला होता. तोवर त्यांचे चित्रपट चालूच होते!

प्रयोगशाळेतून येणाऱ्या कागदावर 'लिव्हर फंक्शन टेस्ट' असे शीर्षक असते. हे नाव काहीसे फसवे आहे. लोकांची नजर प्रथम ज्या दोन आकड्यांकडे जाते, ते एस.जी.पी.टी. आणि एस.जी.ओ.टी., यकृताचे कार्य मोजीतच नाहीत. ही विकरे यकृताच्या पेशींत असतात आणि पेशींना इजा झाली म्हणजे रक्तात झिरपतात. धूर दिसला म्हणजे कोठेतरी आग आहे, असे समजावे, तसाच हा प्रकार. पण धूर थांबला म्हणून घर शाबूत आहे असे होत नाही. ते जळून संपलेलेही असू शकते. सिरॉसिसने कठीण होऊन आक्रसलेल्या यकृतात हे आकडे कित्येकदा अगदी मर्यादेत येतात, आणि रुग्ण निर्धास्त होतो. उलट एस.जी.ओ.टी. हे विकर स्नायूंतही असल्यामुळे अतिश्रमानेही ते वाढते. ते एस.जी.पी.टी.च्या दुपटीहून अधिक आढळले, तर मात्र डॉक्टर मद्यपानाविषयी विचारणा करतात. मग ती फेणी घरची असो वा मद्य विलायती, यकृताला तो भेद कळत नाही.

यकृताचे खरे काम जाणून घ्यावयाचे तर कागदाच्या तळाशी जावे लागते. अल्ब्युमिन हे प्रथिन यकृतच तयार करते. ते साडेतीन ग्रॅमच्या खाली उतरले तर निर्मिती मंदावल्याची शंका येते. मात्र हे प्रथिन रक्तात बरेच दिवस टिकते, त्यामुळे आजचा बिघाड त्यात उशिरा उमटतो. रक्त गोठण्यास लागणारा वेळ मोजणारी 'प्रोथ्रॉम्बिन टाइम' ही तपासणी अधिक लवकर इशारा देते. ती बहुधा वेगळी सांगावी लागते.

कावीळ उतरविण्यासाठी गळ्यात माळ घालण्याची प्रथा अजूनही अनेक गावी आहे. माळ लांबत जाते, कावीळ ओसरते आणि श्रेय माळेला मिळते. दूषित पाण्यातून होणारी 'ए' आणि 'ई' प्रकारची कावीळ बहुतेकांत विश्रांतीने आपोआपच बरी होते, हे त्यामागील रहस्य. गरोदर स्त्रीला मात्र 'ई' प्रकारची कावीळ प्राणघातक ठरू शकते. तेथे माळेच्या भरवशावर दवडलेला एकेक दिवस महाग पडतो.

'बी' आणि 'सी' विषाणूंची गोष्ट निराळी आहे. विकरांचे आकडे मर्यादेत असतानाही ते रक्तात दडून राहू शकतात. त्यांचा शोध घेणारी तपासणी स्वतंत्रपणेच करावी लागते. 'बी'चा शोध लावणारे डॉ. बारूक ब्लूमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या जन्मदिनी, २८ जुलै २०१८ रोजी, केंद्र शासनाने राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रम सुरू केला; त्याअन्वये दोन्ही रोगांची तपासणी व औषधोपचार विनामूल्य आहेत. 'सी' आता काही आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांत समूळ बरा होतो. 'बी'वर प्रतिबंधक लस आहे आणि तिची पहिली मात्रा बालकाला जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यावयाची असते.