पाणी मारायला पाणी



पावसाचं पाणी साठवण्यासाठी झटणाऱ्या स्वयंसेवकांच्या या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत, याबद्दल मनापासून आभार. मी आयुष्यभर स्थापत्यशास्त्र शिकवलं. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं घेऊन जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात येऊ लागले आणि इथलीच होऊन गेले. पुढच्या रांगेत बसलेल्या काही बायांनी मला पाण्याचा हिशेब शिकवलाय. आज जे बोलणार आहे, त्यातलं निम्मंअधिक त्यांचंच आहे.

हिशेब अगदी साधा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आपल्या पाड्यावरचं बेताचं घर घ्या, चाळीस चौरस मीटर छपराचं. या डोंगरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. दोन हजारच धरला, त्यातलं उडालेलं, सांडलेलं पाणी वजा केलं, तरी त्या एका छपरावरून साठ हजार लिटरहून जास्त पाणी अंगणात पडतं आणि ओहोळाला लागतं. माणशी दहा लिटर, म्हणजे पिण्यापुरतं आणि चुलीपुरतं पाणी धरलं, तर पाच माणसांच्या घराला रोज पन्नास लिटर लागतात. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांचे झाले सहा हजार लिटर. साठ हजार पडतात, सहा हजार हवेत. आणि तरी याच अंगणातली बाई एप्रिलमध्ये पहाटे तीनला उठून डवऱ्यावर जाते.

डवरा काय असतो, हे शहरातून आलेल्या मुलांसाठी सांगते. ओढा आटला की त्याच्या पात्रात हात-दोन हात खोल खड्डा उकरतात. तळाशी बोटभर पाणी झिरपतं. तिथे करवंटीने किंवा वाटीने, गाळ न ढवळता, पाणी उचलायचं आणि फडक्यातून हंड्यात गाळायचं. वाटी बुडत नाही म्हणून ती आडवी धरावी लागते. एक हंडा भरायला कधी अर्धा तास लागतो, आणि मागे पाच-सहा बाया आपापल्या पाळीची वाट बघत बसलेल्या असतात. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा वाटी हातात घेऊन बघितली होती. माझ्याच्याने एक कळशीसुद्धा भरली नाही. दर वेळी गाळ वर यायचा.

एवढा पाऊस पडून पाणी जातं कुठे? आपला सह्याद्री काळ्या कातळाचा आहे. वर मुरमाचा पातळ थर, खाली अखंड पाषाण, आणि उतार तीव्र. पाणी मुरायला जागाच कमी. जे पडतं ते वैतरणेला मिळतं, धरणांत अडतं आणि नळांतून मुंबईला जातं. मुंबईकरांनी ते प्यावं, याबद्दल कुणाचीच तक्रार नाही. पण ज्या डोंगरावर ते पडलं, तिथे उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, हे मुंबईतल्या प्रत्येक स्वयंसेवकाने इकडे येताना मनात ठेवावं. तुम्ही इथे उपकार करायला येत नाही. जुनं देणं फेडायला येता.

हे देणं-घेणं नवीनही नाही. कान्हेरीच्या, जुन्नरच्या लेण्यांत कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. तिथल्या ब्राह्मी लेखांत त्यांना 'पोढी' म्हटलंय, आणि ती खोदण्यासाठी कुणी दान दिलं तेही कोरून ठेवलंय. त्यात कल्याण-सोपाऱ्याकडची, बाजारपेठांतली माणसं आहेत. कान्हेरीत उभं राहून वर पाहिलं तर डोंगराच्या अंगावर कोरलेल्या पन्हळी दिसतात; पावसाचं पाणी वाकडंतिकडं न जाता नेमकं टाक्यात उतरावं म्हणून. पुढे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गडाच्या पाण्याबद्दल लिहिलं, तेव्हा एका झऱ्यावर विसंबू नका, टाकी बांधून पाणी राखा, असंच बजावलं. आमच्या पाड्यावरची बाई गडाखाली राहते, गडावर नाही, एवढाच फरक. तिला वेढा दरवर्षी पडतो.

आता माझ्या पहिल्या टाकीबद्दल. हे मी आजवर जाहीरपणे सांगितलेलं नाही.

आम्ही ती मे महिन्यात बांधली. परीक्षा संपल्या होत्या, मुलं मोकळी होती, देणगी हातात आली होती. पंचवीस मुलं-मुली उत्साहाने आली. सिमेंटच्या गोण्या डोक्यावरून चढवल्या, सळया वाकवल्या, जाळी बांधली, गिलावा केला. चार दिवसांत टाकी उभी राहिली, आम्ही तिला हार घातला, फोटो काढले आणि परतलो. निघताना मी घरच्या बाईला सांगितलं, "चौदा दिवस पाणी मारा हं." गवंडीकाम करणाऱ्यांना याचा अर्थ कळतो. सिमेंटचं ताजं काम ओलं राहिलं नाही तर ते ताकद धरत नाही, केसाएवढ्या भेगा पडतात. कॉलेजात मी हे दरवर्षी फळ्यावर लिहीत होते. पण पाड्यावर टँकर तीन दिवसांतून एकदा येत होता, आणि पाणी मारायला पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

तिने डवऱ्यावरून आणलं. सकाळी एक कळशी, संध्याकाळी एक. पोरांच्या तोंडचं पाणी तिने आमच्या भिंतीवर ओतलं. नऊ दिवस. मग डवराही आटला. जूनमध्ये टाकी भरली आणि आठवड्याभरात चारी बाजूंनी पाझरू लागली. दिवाळीपर्यंत तळाशी हातभर पाणी उरलं होतं. मी परत गेले तेव्हा तिने मला त्या कळशांचा हिशेब सांगितला. तक्रार म्हणून नाही. मॅडमनी काम दिलं होतं, ते किती केलं आणि कुठे थांबलं, एवढंच सांगत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या डिसेंबरात, विहिरीला पाणी असताना, आम्ही आतून नवा गिलावा दिला, गोणपाटं भिजवून गुंडाळली, आणि मुलं आळीपाळीने तिथे राहिली. ती टाकी आजही पाणी धरून आहे.

मित्रहो, अध्यक्ष म्हणून मला आज एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती त्या नऊ दिवसांतून आली आहे. स्वयंसेवकाच्या सुट्टीला धरून टाकी बांधायची नाही. पाण्याचं पंचांग वेगळं आहे आणि पाड्याचं त्याहून वेगळं. भाताची झोडणी उरकली, दिवाळी झाली की इथली कुटुंबं वीटभट्टीवर, भिवंडी-वसईकडे कामाला निघतात. शिमग्याला परततात, तर काही थेट पावसाच्या तोंडावर. पाणी आहे तेव्हा माणसं नाहीत, माणसं आहेत तेव्हा पाणी नाही. मधला काळ अगदी थोडा असतो. तो कोणता, हे फक्त पाडाच सांगू शकतो. म्हणून संस्था आणि पाडा यांच्या भागीदारीची पहिली बैठक पाड्यावर झाली पाहिजे, तीही पाऊस चालू असताना, म्हणजे कुठली पागोळी कुठे पडते ते डोळ्यांना दिसतं. शहरात बसून ठरवलेली तारीख घेऊन येणाऱ्या संस्थांना मी आता नम्रपणे नकार देते.

टाकीच्या तंत्राबद्दल थोडं बोलते, कारण तरुण मुलं विचारतात की प्लॅस्टिकची काळी टाकी आणून ठेवली तर काय बिघडलं. बिघडत नाही, जिथे तातडी आहे तिथे जरूर ठेवा. पण ती तडकली की पाड्यावर कुणाला दुरुस्त करता येत नाही. फेरोसिमेंटची टाकी इथल्याच हातांनी बांधता येते आणि इथल्याच हातांनी सांधता येते. या तंत्राचा जन्म बोटीतून झाला. 1848 मध्ये फ्रान्समध्ये लाँबो नावाच्या माणसाने तारेच्या जाळीवर सिमेंट थापून होडी बनवली. होडीने पाणी बाहेर ठेवायचं, टाकीने आत, काम तेच. अडीच मीटर व्यासाची, दोन मीटर उंच टाकी जवळपास दहा हजार लिटर पाणी धरते आणि तिची भिंत असते जेमतेम दीड इंच. ती टिकते कारण ती गोल आहे. पाणी भिंतीला बाहेर रेटतं, तेव्हा भिंत कड्यासारखी ताणली जाते आणि तो ताण तारा पेलतात. चौकोनी टाकीत सगळा जोर कोपऱ्यांवर येतो आणि कोपरेच आधी फुटतात. तळाशी रेटा सर्वांत जास्त, म्हणून खाली तारांचे वेढे दाट घ्यायचे. हे मी गणिताने सांगते. आमच्या एका गवंडीदादांनी ते एका वाक्यात सांगितलं होतं: कणगी बघा, ती चौकोनी विणतात का?

ब्राझीलच्या कोरड्या ईशान्य भागात हेच काम प्रचंड प्रमाणावर झालं आहे. तिथे 2003 मध्ये दहा लाख टाक्यांचा कार्यक्रम सुरू झाला आणि तो आकडा त्यांनी गाठलाही. टाकी सोळा हजार लिटरची. पाच माणसांच्या कुटुंबाला आठ कोरडे महिने पुरावी म्हणून. सिमेंटच्या वक्र फरश्या जोडून टाकी बांधायची ही पद्धत कुठल्या प्रयोगशाळेतून आलेली नाही. साव पावलोत जाऊन पोहण्याचे तलाव बांधणाऱ्या एका गवंड्याने ती आपल्या गावी परत आणली. स्वयंसेवी संस्थांच्या जाळ्याने ती गावोगाव नेली, सरकारने पैसा दिला, घरच्यांनी खड्डा खणला आणि गवंड्यांना जेवू घातलं. पुढे बायाही गवंडीकाम शिकल्या. मला या गोष्टीत आकड्यापेक्षा तो गवंडी मोठा वाटतो. श्रीमंतांच्या तलावांचं ज्ञान त्याने तहानलेल्या गावात आणलं. आपल्या वीटभट्ट्यांवर, मुंबईच्या इमारतींवर असे किती हात आहेत, ते कधी आपण मोजले आहेत का?

म्हणूनच आमच्या शिबिरांत गेली काही वर्षं नियम आहे की कामाचा मुख्य गवंडी असतो. इंजिनिअर त्याच्या हाताखाली. मुलांनी वाळू चाळायची, मसाला कालवायचा, घमेली द्यायची, आणि थापी हातात मिळाली तर तो मान समजायचा. प्रत्येक टाकीवर पाड्यातली दोन माणसं शिकून तयार झाली पाहिजेत, त्यांतली एक बाई. टाकी घराच्या कोणत्या बाजूला, तोटी किती उंचीवर, हे घरच्या बाईने ठरवायचं. एका ठिकाणी आम्ही तोटी इतकी खाली ठेवली की हंडा तिच्याखाली मावेना. खाली खड्डा करून वेळ निभावली. त्या घरातल्या बाईला कुणी विचारलंच नव्हतं.

आणि बांधून झाल्यावरचं काम, ज्याचे फोटो कुणी काढत नाही. पहिल्या पावसाचं पाणी छपरावरची धूळ, पाला, पक्ष्यांची घाण घेऊन येतं. ते बाहेर सोडायचं आणि मगच पन्हळ टाकीला जोडायची. टाकीत उजेड जाता कामा नये, नाहीतर शेवाळ धरतं. हवेच्या आणि सांडव्याच्या तोंडाला बारीक जाळी हवी, नाहीतर डासांची पैदास तुम्हीच केलीत असं होईल. पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून मापानेच घ्यायची. टाकी कधीही ठणठणीत कोरडी पडू द्यायची नाही. तळाशी थोडं पाणी राहिलं तर भिंत सुकून तडकत नाही. यातलं काहीही अवघड नाही, पण कुणीतरी दर मे महिन्यात शिडी लावून पन्हळ साफ करावी लागते. देणगीदार मला विचारतात, यंदा किती टाक्या झाल्या? मी त्यांना सांगते, तीन वर्षांपूर्वीच्या टाक्या बघायला चला. त्यांत एप्रिलमध्ये पाणी असेल तेवढ्याच मोजा.

सरकारकडे माझी एक मागणी आहे आणि परिषदेने तिचा ठराव करावा, अशी विनंती करते. शबरी घरकुल योजनेतून, पंतप्रधान आवास योजनेतून पाड्यांवर पक्की घरं होत आहेत. चांगलं स्वच्छ छप्पर म्हणजे पाणी गोळा करायचं निम्मं काम झालंच. घराच्या आराखड्यातच पन्हळ आणि अंगणातली टाकी धरा, तिचा खर्च घराच्या हप्त्यांत धरा. नंतर वेगळी योजना काढून तेच घर पुन्हा शोधत फिरू नका. कमी पावसाच्या भागांतल्या कार्यकर्त्यांनीही हे लावून धरावं. सातशे मिलिमीटर पावसातही चाळीस चौरस मीटरच्या छपरावरून वीस हजार लिटरहून जास्त पाणी मिळतं. जिथे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे आणि पोरांचे दात पिवळे पडतात, तिथे निदान पिण्यासाठी पावसाचं पाणी हाच जवळचा उपाय आहे.

माझ्या विद्यार्थ्यांना एक सांगायचं राहिलं. तुम्ही सात दिवसांच्या शिबिराला याल, प्रमाणपत्र घ्याल, नोकरीला लागाल. जमेल तेव्हा आपल्या टाकीकडे या. पावसात या. पागोळ्या पन्हळीत पडतात आणि पन्हळीतून टाकीत पाणी उतरतं, तो घुमणारा आवाज भिंतीला कान लावून ऐका. आधी पोकळ असतो, मग टाकी भरत जाते तसा दबत जातो. ज्या बाईने नऊ दिवस कळशा ओतल्या, तिने मला तो ऐकायला लावला होता. ती आज इथे आहे. आपलं नाव घ्यायला तिने मला मनाई केली आहे.

बोलण्यासारखं अजून बरंच आहे, पण मंडपामागे प्रात्यक्षिकाची टाकी उभी आहे. जाळी बांधून झाली आहे आणि गवंडी मंडळींनी आताच मसाला कालवायला घेतल्याचा निरोप आला आहे. कालवलेला मसाला फार वेळ थांबत नाही. बाह्या वर करा आणि चला.