नाताळचा शेजारधर्म

बेथलेहेम गांवाबाहेरील रानांत कांहीं मेंढपाळ रात्रीं आपला कळप राखीत होते. ख्रिस्तजन्माची वार्ता पहिल्यानें त्यांच्या कानीं पडली, असें लूककृत शुभवर्तमानांत सांगितलें आहे. मंदिरांतील याजक किंवा दरबारांतील सरदार यांस ती आधीं कळली नाहीं. कळली ती पोटासाठीं रात्र जागविणाऱ्या माणसांस. नाताळच्या दिवसांत ख्रिस्ती कुटुंबांनीं शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठीं काय करावें, ह्या प्रश्नाचें उत्तर ह्या एका गोष्टींत सांठविलेलें आहे.

नवी मुंबई हें शहर तसें अलीकडचें. सन १९७० मध्यें सिडकोची स्थापना झाली आणि ठाण्याच्या खाडीपलीकडे वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर अशा एकामागून एक वसाहती उभ्या राहिल्या. गांवोगांवचीं माणसें येथें येऊन स्थायिक झालीं. त्यांत मराठी, कोंकणी, मल्याळी, तमिळ अशा नाना भाषा बोलणारे ख्रिस्ती लोकही आहेत. गांव दूर, गोतावळा दूर. म्हणून पांचसहा कुटुंबें आठवड्यांतून एकदां कोणाच्या तरी घरीं जमतात आणि शास्त्रवाचन व प्रार्थना करितात. डिसेंबर महिना लागला, कीं हीं लहान मंडळें उत्साहानें कामास लागतात. खिडकींत तारा टांगावा, गव्हाणीचा देखावा मांडावा, घरोघर जाऊन नाताळगीतें गावीं, फराळाचें ताट शेजारीं पाठवावें, हे सारे प्रकार चांगलेच आहेत. परंतु जे आपण होऊन ह्या आनंदांत येऊं शकत नाहींत, त्यांच्यापर्यंत तो पोंचतो काय, हा खरा प्रश्न होय.

तुर्भ्याच्या घाऊक बाजारांत माथाडी कामगार पाठीवर पोतीं वाहतात; त्यांतील पुष्कळांचीं घरें सातारा जिल्ह्यांतील डोंगरखोऱ्यांत आहेत. न्हावाशेव्याच्या बंदरांत आलेले परदेशचे खलाशी सणाची रात्र जहाजावरच काढतात. रुग्णालयांतील परिचारिकांची रात्रपाळी नाताळच्या रात्रींही चुकत नाहीं, आणि त्यांपैकीं कित्येक स्वतः ख्रिस्ती असतात. खारघरास टाटा स्मारक केंद्राची कर्करोगसंस्था आहे. तेथें दूरदूरच्या प्रांतांतून रोगी येतात आणि त्यांच्यासोबत आलेलीं माणसें परक्या शहरांत दिवसामागून दिवस कंठितात. आजचे मेंढपाळ ते हेच.

पांचसहा कुटुंबांस हें सारें एकदम झेपणार नाहीं. एका मंडळानें एकच जागा निवडावी व ती नीट सांभाळावी, हें बरें. रुग्णालयांत जावयाचें, तर तेथील समाजसेवकास आधीं भेटून परवानगी घ्यावी. रोग्यास पथ्य असतें. म्हणून अन्न न्यावयाचें तें त्याच्या सोबत्यासाठीं, आणि तेंही केकच्या तुकड्यापेक्षां गरम वरणभात. रात्रपाळीस गेलेल्या परिचारिकेचीं मुलें घरीं एकटीं असतील, तर त्यांस त्या रात्रीं आपल्या पंक्तीस बसवावें. बाजारांत पहाटे चहाची किटली न्यावी. रात्रीं दहानंतर ध्वनिक्षेपक लावून कोणाची झोंप मोडूं नये. गाणें गळ्यानेंच गावें.

आणि तें शक्य तेथें मराठींत गावें. नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. परंतु अभंग, भजन आणि कीर्तन हें वडिलोपार्जित धन त्यांनीं टाकून दिलें नाहीं. ख्रिस्ताचें गुणगान त्यांनीं त्याच वाणींत केलें. पुढें १९१७ सालीं त्यांनीं साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांसही त्यांत जागा होती. तुर्भ्यास ओझीं वाहणारा सातारकर परभाषेंतील गीत कौतुकानें ऐकेल. पण टाळ वाजूं लागला, कीं तोही सुरांत सूर मिळवील.

मात्र एक मोह कटाक्षानें टाळावयास हवा. भुकेल्याच्या हातीं ताट देतांना त्याच हातीं धर्माचें पत्रक देणें, हें दान नव्हे, सौदा होय. ज्याचा मुलगा आंत खाटेवर पडला आहे, त्या बापास ‘नको’ म्हणण्याची मोकळीक नसते. त्याच्या त्या अगतिकतेचा लाभ उठविणें हा ख्रिस्ताच्याच शिकवणीचा भंग होय. अशानें शेजाऱ्यांच्या मनांत संशय शिरतो, आणि त्याचा दोष त्यांस देतां येत नाहीं. कोणीं आपण होऊन विचारलें, कीं ‘तुम्ही हें कां करितां?’ तर सरळ मनानें उत्तर द्यावें. कोणीं न विचारल्यास भांडीं उचलून घरीं यावें.

ह्या कार्याची कसोटी नाताळच्या रात्रीं लागत नाहीं, ती जानेवारींत लागते. तारा उतरून ठेविला, देखावा मोडला, पाहुणे गेले. त्यानंतर त्या बापाचें नांव कोणास आठवतें काय, त्याच्या मुलाची विचारपूस करावयास कोणी पुन्हां जातें काय? मेंढपाळ बाळाचें दर्शन घेऊन आपल्या कळपाकडे परतले, तेव्हां त्यांची रात्र पहिल्यासारखीच थंड होती. परंतु आपली कोणीं तरी आठवण ठेविली, एवढें त्यांस कळलें होतें. लहान मंडळानें एका माणसास जरी हें कळूं दिलें, तरी त्याचा नाताळ सार्थकीं लागला.