धूर कुणाचा, श्वास कुणाचा?

हॉटेलात आपण जेवायला बसलो आहोत आणि शेजारच्या टेबलावरून सिगारेटचा धूर येतो आहे. तक्रार करावी, की आपणच उठावं?

या प्रश्नाची आपल्याकडची कायदेशीर वाट मुंबईच्या मुरली देवरा यांच्या याचिकेतून निघाली. त्यावर 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयं, शाळा, ग्रंथालयं, रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. 2003 मध्ये कायदा झाला आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून, गांधी जयंतीच्या मुहूर्तावर, हॉटेलं आणि बारसाठीही कडक नियम लागू झाले. दंड, 200 रुपयांपर्यंत.

पण कायद्याने एक दार उघडं ठेवलं. तीस किंवा अधिक आसनांच्या उपाहारगृहाला धूम्रपानासाठी वेगळी खोली ठेवता येते. चारही बाजूंनी पूर्ण उंचीच्या भिंती, आपोआप बंद होणारं दार आणि धूर थेट बाहेर फेकणारी यंत्रणा, अशा अटींवर.

वाद इथेच आहे. मालक म्हणतात, गिऱ्हाईक तुटेल. ओढणारे म्हणतात, आमची मर्जी. डॉक्टर मात्र सांगतात, दुसऱ्याच्या धुराची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही, आणि भिंती तो पुरता अडवत नाहीत.

आयर्लंडने 2004 मध्ये पबमध्येही पूर्ण बंदी आणली, ती कामगारांच्या आरोग्यासाठी. गिऱ्हाईक तासाभरात उठून जातं. वेटरला मात्र पूर्ण पाळी तिथेच काढायची असते. पुढच्या वेळी काडी ओढताना त्याची आठवण ठेवूया.