जिल्हा परिषद आणि जिल्ह्याचे नाव



जिल्हा परिषदेचे नाव कोण ठेवते, असे एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले. उत्तर एका ओळीचे वाटले होते. शोधू गेलो तेव्हा बरेच हाती लागले.

वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर आपल्या राज्यात १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून परिषदा सुरू झाल्या. कायद्याची रीत अशी : महसुली जिल्हा घ्यायचा, त्यातून महानगरपालिका, नगरपालिका वगैरे शहरी भाग वगळायचा, उरला तो परिषदेचा. म्हणून मुंबई शहर आणि उपनगर या जिल्ह्यांना परिषद नाही. जिल्हे ३६, परिषदा ३४. परिषदेचे वेगळे बारसे होत नाही. जिल्ह्याचे नाव तेच तिचे. जिल्हा निर्माण करण्याचा अधिकार जमीन महसूल संहितेने राज्य शासनाला दिला आहे. १९८२ साली चंद्रपुरातून गडचिरोली झाला, २०१४ साली ठाण्यातून पालघर. १९८१ च्या सिंधुदुर्गाला तर किल्ल्याचे नाव. कचेऱ्या मात्र ओरोसला!

नावाची किंमत आपल्या समाजाइतकी कोणी मोजली असेल? मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ चा, नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. मधली साडेपंधरा वर्षे कशी गेली, हे इथल्या वडीलधाऱ्यांना विचारा.

उत्तर प्रदेशात सिद्धार्थनगर (१९८८), आंबेडकरनगर (१९९५), गौतम बुद्ध नगर (१९९७) हे जिल्हे झाले व टिकले. पण कानपूर देहातला २०१० साली दिलेले रमाबाई नगर हे नाव २०१२ साली काढले गेले. सरकार बदलले, पाटी बदलली. माता रमाईचे नाव दोन वर्षेच राहिले, याचे आम्हांस फार वाईट वाटले. आंध्रात कोनसीमा जिल्ह्याला बाबासाहेबांचे नाव देण्याची सूचना निघताच मे २०२२ मध्ये अमलापुरमला एका मंत्र्याचे व एका आमदाराचे घर जाळण्यात आले. तरी नाव त्याच वर्षी कायम झाले.

आता विद्यार्थ्यांनी वहीत लिहून घ्यावे असे. १९९३ पासून लागू झालेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीप्रमाणे परिषदेत अनुसूचित जातींच्या राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणात असतात. जिल्हा फुटला की दोन्हीकडचे प्रमाण बदलते, आणि जागांचा हिशेबही. शिवाय परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातील २० टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी असते. उत्पन्न विभागले की तीही विभागली जाते. नव्या जिल्ह्याची मागणी आली की आपली मंडळी नावाच्या सभेला शेकड्यांनी जमतात. हा हिशेब मागायला तहसील कचेरीत दोघे-तिघेही जात नाहीत. येत्या रविवारी विहारात वर्ग आहे. जनगणनेचे तालुकावार आकडे घेऊन या, आपण बसून मांडू.

जयभीम!