दोष खुर्चीचा नव्हता

आजचा विषय माझी पाठ. हसू नका, तुमच्यापैकी कुणाची तरी असू शकते.

तेविसाव्या वर्षी मला पहाटे चारला कंबरदुखीने जाग यायला लागली. उठून घरात फेऱ्या मारल्या की बरं वाटायचं. सकाळी मोजे घालायला वाकता यायचं नाही, तासाभराने अंग मोकळं व्हायचं. सगळे म्हणायचे, दिवसभर लॅपटॉपसमोर बसतोस, दुसरं काय होणार? मलाही पटलं. खुर्ची बदलली, गादी बदलली. चार वर्षं गेली. मग एक दिवस डोळा लालभडक झाला, उजेड सहन होईना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून भलताच प्रश्न विचारला, "कंबर दुखते का रे?"

तिथून संधिवाताचे डॉक्टर, एमआरआय आणि शेवटी नाव कळलं: अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस.

यात होतं काय? आपली प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. सुरुवात बहुधा कणा कमरेच्या हाडांना जुळतो तिथे होते. स्नायू आणि सांधे बांधणारे दोर हाडाला चिकटतात, तिथे सूज येते. म्हणून काहींची टाचही दुखते. हाड झिजतं आणि मग शरीर तिथे नवं हाड घालतं, पण नको तिथे! काहींचे मणके एकमेकांना जुळतात, एक्स-रेमध्ये कणा बांबूसारखा दिसतो. बरगड्यांचे सांधे आखडले की छाती नीट फुगत नाही. थकवा तर असतोच.

एचएलए-बी२७ या जनुकाशी याचा संबंध १९७३ मध्ये समोर आला. पण ते जनुक असलेल्या बहुतेकांना हा आजार होत नाही. म्हणून फक्त रक्ताचा रिपोर्ट बघून घाबरू नका.

एक गोष्ट लक्षात ठेवा. साधी कंबरदुखी आराम केला की कमी होते. ही आरामाने वाढते आणि हालचालीने कमी होते. वय पंचेचाळिशीच्या आत, दुखणं तीन महिन्यांहून जास्त, सकाळी अर्धा तास तरी आखडलेपण, असं असेल तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा. सुरुवातीला एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो, एमआरआयमध्ये सूज आधी दिसते.

आजार मुळापासून जात नाही, पण आटोक्यात राहतो. सूज उतरवणाऱ्या गोळ्या, गरज पडली तर बायोलॉजिक इंजेक्शनं, रोजचा व्यायाम आणि सिगारेट बंद.

पूर्वी वाकून माझे हात जमिनीला टेकायचे. आता गुडघ्याच्या थोडे खाली जातात, बस. ती चार वर्षं मी खुर्चीला दोष देत बसलो. तुम्ही बसू नका.

चला, आता उठा, जरा चाला. भेटू पुढच्या भागात!